मोडेन पण वाकणार नाही

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या घरी आकाशकंदिलावरून वाद होतो, हे आता साऱ्या आळीला ठाऊक झाले आहे. चिरंजीवांचे म्हणणे, बाजारात रंगीत कंदील तयार मिळतो, तो आणून टांगावा. माझे म्हणणे, कंदील घरीच करावा. त्यावाचून दिवाळी आल्यासारखी वाटत नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे, ज्याला जे करायचे असेल ते त्याने अंगणात करावे, माझ्या धुतलेल्या फरशीवर खळीचे डाग पडता कामा नयेत.

यंदा माझा जय झाला. शेगावच्या बाजारातून बांबूच्या कामट्या आणल्या, चाकूला धार लावली आणि तासावयास बसलो. पहिली कामटी वाकविली, ती शहाण्या मुलीसारखी गोल झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि कडाडून मोडली. तिसरी पुन्हा मुकाट्याने वाकली. चिरंजीव जवळच उभे राहून मौज पाहत होते. ते म्हणाले, “बाबा, बांबू तर एकच. मग ह्या वाकल्या आणि ही का मोडली?”

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. शास्त्रातल्या प्रश्नाला म्हणीने उत्तर देणे हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज. मी म्हणालो, “अरे, ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा मराठी बाणा आहे!”

“म्हणजे ही एकटीच मराठी. आणि कंदील व्हायचा तो बाकीच्यांचा!” चिरंजीव म्हणाले आणि आत फराळाच्या वासाकडे निघून गेले.

वाचकहो, ही गोष्ट मी तिथेच विसरलो असतो. पण त्याच संध्याकाळी गावाहून थोरल्या बंधूंचा फोन आला. दादा फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज भासत नाही, इतका त्यांचा आवाज मोठा. ते म्हणाले, “दिवाळीले ये. अन् आल्यावर तुह्या पुतणीले जरा समजावून सांग. माह्यानं होत नाही.”

पुतणी अकोल्यास शेतकीचे शिक्षण घेते. आमच्या घराण्यात शेती करणारे पुष्कळ झाले. शेती शिकणारी ही पहिलीच. आणि बापलेकींचे बोलणे महिनाभर बंद होते, ही बातमी मला वहिनींकडून आधीच लागली होती.

शेगावहून आमचे गाव मोटारसायकलने अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी जमीन, आणि त्यातही खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी खारे लागते, म्हणून सारी भिस्त आभाळावर. वाटेने दोन्ही अंगांनी कपाशी, तूर आणि सोयाबीन कापलेली रिकामी वावरे दिसत होती. माझ्या लहानपणी ह्याच वाटेवर दिवाळीच्या सुमारास ज्वारीच्या पेंढ्यांच्या गंज्या उभ्या असत. माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकलणे हा आमचा सुट्टीतला अभ्यासक्रम होता. आता खरिपाची ज्वारी आमच्या भागातून बरीचशी गेली. ऐन कणसाच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडतो, भाव मिळत नाही. सोयाबीनला रोकड पैसा आहे. ज्वारी गेली ती एकटी गेली नाही. तिच्याबरोबर कडबा गेला, आणि कडब्याबरोबर दावणीचे बैलही जाऊ लागले.

दादांनी मात्र बैलजोडी ठेवली होती. तिच्या वैरणीसाठी ते दरसाल दोन एकर ज्वारी पेरीत. यंदा लेकीने हट्ट धरला की गोड धांड्याची ज्वारी पेरू. वैरण रुचकर होईल, बैल चवीने खातील. बियाणे तिनेच एका मैत्रिणीच्या घरून आणले. ज्वारी उगवली, डोक्यावर गेली, हिरवीगार झाली. सारा गाव पाहून गेला. आणि भाद्रपदात एका रात्री वाऱ्यासह पाऊस झाला. सकाळी दादा वावरात गेले तो दोन एकर ज्वारी चटई अंथरल्यासारखी लोळलेली.

मी पोचलो तेव्हा दादा ओसरीवर बसले होते. पाणी पिऊन होते न होते तोच त्यांनी वहीखाते उघडले.

“हे पाय, वैरण गोड आहे म्हणे. गोड असून काय उपेग? उभी राहाची तं बात नाही! मातीत लोळली, अर्धी सडली. माह्या बापानं जलमभर गावरान ज्वारी पेरली, पण धांडा कधी आडवा झाला नाही.”

आतून आवाज आला, “आजोबांची ज्वारीही लोळत होती. तुम्हीच तर सांगता, बाबा, दोन साल कणसं चिखलातून वेचली म्हणून.”

“पायलं? असं बोलते. आता बैल इकतो अन् हिचं पुढचं शिक्षणही बंद करतो. पुस्तक वाचून शेती बुडते, हे समजलं मले.”

दादा रागावले म्हणजे फार बोलतात आणि त्यातले बरेचसे करीत नाहीत. पण बैल विकण्याची गोष्ट काढताना त्यांचा आवाज एकदम खाली आला, त्यावरून मी ताडले की हे बोलणे रागाचे नाही. कडबा विकत घेणे त्यांना झेपणारे नव्हते. बैल गेल्यावर वर्षभर ट्रॅक्टरवाल्याच्या मिनतवाऱ्या. आणि लेकीच्या पुढच्या शिक्षणाचा खर्चही त्याच कोठारातून निघणार होता.

मी मध्यस्थ म्हणून गेलो होतो. मध्यस्थाला निदान वादाचा विषय कळावा, म्हणून पुतणीला म्हणालो, “बाई ग, मला आधी हे सांग, धांडा उभा कशाने राहतो?”

ती उठली. गोठ्यातून दोन धांडे घेऊन आली, एक गावरान ज्वारीचा वाळका, एक लोळलेल्या ज्वारीतला. विळ्याने दोन्ही आडवे कापले आणि माझ्या हातात दिले. “पाहा काका. वरची साल आणि आतलं भेंड.”

हे मला ठाऊक होते. सालीच्या आणि भेंडाच्या बैलगाड्या करून आम्ही लहानपणी पोळा साजरा केलेला. भेंडाची चाके, सालीच्या धुऱ्या. पण भेंडात जे बारीक ठिपके दिसतात, ते मी आजवर नुसते पाहिले होते. पुतणी म्हणाली, त्या नळ्यांच्या जुड्या आहेत. मुळापासून पाणी वर आणि पानातला रस खाली, असा त्यांतून व्यवहार चालतो. मधोमध त्या विरळ असतात आणि सालीलगत दाट होतात. आंब्या-लिंबाची खोडे वर्षानुवर्षे जाड होत जातात, तशी सोय गवतवर्गाला नाही. एकदा जेवढी जाडी झाली तेवढीच. मग दहा हात उंचीचा धांडा बोटभर जाडीवर वाऱ्यात उभा ठेवायचा कसा? तर एकेका पेशीची भिंत आतून मजबूत करून.

ही भिंत दोन वेळा बांधली जाते, बरे का! पेशी कोवळी आणि वाढती असते तेव्हा तिच्याभोवती एक पातळ, लवचिक भिंत असते, ती पहिली. वाढ पुरी झाली की काही निवडक पेशी त्या भिंतीच्या आतल्या अंगाने दुसरी भिंत घालू लागतात. पुस्तकात तिला ‘दुय्यम भित्तिका’ म्हणतात. दुय्यम निबंधकासारखी कोणी खालच्या दर्जाची असेल असे नावावरून वाटते. पण धांडा जो उभा राहतो तो हिच्याच जोरावर. सेल्युलोजचे ताणाला पक्के असे तंतू, त्यांना बांधून ठेवणारे झायलान, आणि ह्या साऱ्यांत मुरून घट्ट बसणारे लिग्निन, असा तिचा माल आहे. आमच्या वहिनी शेणामातीची भिंत लिंपीत, तेव्हा काड्या, कुटार आणि चिखल हे तीन जिन्नस लागत. मला तो हिशेब लगेच समजला.

“पण काका, खरी गंमत पुढे आहे,” पुतणी म्हणाली. “भिंत आतून घालत गेलं तर खोलीचं काय होईल?”

“लहान होत जाईल.”

“आणि पाण्याच्या नळ्यांमधल्या पेशी तर भिंत पुरी करतात आणि स्वतः मरतात. आतला सगळा संसार विरघळून जातो. रिकामी भिंत तेवढी उरते, आणि त्या रिकाम्या जागेतून पाणी चढतं.”

मी काही बोललो नाही. आमच्या वडिलांनी हे घर बांधले आणि वास्तुशांतीनंतर दोन वर्षांत गेले. दादांनीही त्याच वेळी भिंतीकडे पाहिले, असे मला वाटले.

आता मुख्य प्रश्न असा की, कोणत्या पेशीने भिंत घालावी, कधी घालावी आणि किती घालावी, हे कोण ठरवितो? वाढ चालू असताना भिंत घातली तर पेशीची वाढ खुंटेल. वाढ संपूनही घातली नाही तर झाड लोळेल. अगदी मुहूर्त साधावा लागतो. हा मुहूर्त जनुके काढतात. आणि ती सारी एका पंक्तीला बसत नाहीत. त्यांच्यात वरखालचे मानकरी आहेत.

सगळ्यांत वर ‘नॅक’ नावाच्या घराण्यातली काही जनुके आहेत. त्यांचे काम फक्त हुकूम करण्याचे. त्यांच्या हाताखाली ‘मिब’ घराण्यातली जनुके. ती हुकूम पुढे नेतात, काही आवरही घालतात. आणि सर्वांत खाली सेल्युलोज विणणारी, झायलान करणारी, लिग्निन शिजविणारी अशी कामकरी जनुके. वरचे एक बटण दाबले की खालचा सारा कारखाना सुरू होतो. हा क्रम प्रथम उलगडला तो मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रानरोपात, २००५ सालापासून पुढच्या काही वर्षांत. नंतर भातात आणि मक्यात तीच बटणे सापडली. हुकूमशाही बहुतांशी तीच. माल मात्र गवताचा थोडा निराळा, आणि भिंतीतले निरनिराळे जिन्नस एकमेकांना टाके घालून शिवण्याची तऱ्हाही निराळी.

मला पाणिनी आठवला. त्याच्या व्याकरणात अधिकारसूत्र म्हणून एक प्रकार आहे. ते सूत्र स्वतः शब्द घडवीत नाही. पण ते एकदा उच्चारले की पुढची कितीतरी सूत्रे त्याच्या अमलाखाली चालतात, आणि त्याची हद्द कुठे संपते हेही ठरलेले असते. मी हे पुतणीला सांगितले. ती म्हणाली, “हे आमच्या सरांनी सांगितलं असतं तर परीक्षेत दोन गुण जास्त पडले असते.” प्राध्यापकाला याहून मोठी दिवाळी भेट नाही.

“हे सारं ठीक,” दादा मध्येच म्हणाले, “पण माही ज्वारी काहून लोळली?”

पुतणीने लोळलेल्या धांड्याचे एक वाळके पान उचलले आणि मधल्या शिरेवर बोट ठेवले. ती सांगू लागली ते असे. ज्वारीच्या पानाची मधली शीर पांढरी सफेत असली तर धांड्याचे भेंड कोरडे असते. मळकट हिरवट असली तर धांडा रसाळ. कोरडेपणा वरचढ आणि रसाळपणा दबणारा, ही आनुवंशिक गोष्ट १९१६ सालीच हिंदुस्थानात नोंदली गेली. पण असे का होते हे कळायला १०२ वर्षे लागली. २०१८ साली संशोधकांच्या दोन निरनिराळ्या तुकड्यांनी त्यामागचे जनुक शोधून काढले, आणि ते निघाले त्याच नॅक घराण्यातले! ते जनुक शाबूत असले की भेंडातल्या पेशींना मरण्याचा हुकूम सुटतो, त्यांच्या जागी हवा भरते आणि भेंड कोरडे होते. जनुक बिघडलेले असले की हुकूम सुटतच नाही. पेशी जिवंत राहतात, रसाने भरलेल्या राहतात, आणि भिंतींच्या बांधणीतही फरक पडतो. माणसाने गोड धांडा म्हणून जो हजारो वर्षे निवडून जपला, तो एक न सुटलेला हुकूम आहे.

ह्याच रसाळपणावर आपल्या महाराष्ट्रात मोठे काम झालेले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीचे ‘मधुरा’ हे वाण काढले. तिच्या रसाची काकवी आणि मद्यार्क करण्याचे प्रयोग तिथे झाले. तेव्हा गोड धांडा म्हणजे नुसती पोरांची चंगळ नव्हे.

“आणि दुसरं असं,” पुतणी म्हणाली, “की जनावराच्या पोटातले जंतू सेल्युलोज पचवतात, लिग्निन त्यांना पचत नाही. आणि लिग्निन सेल्युलोजला असं चिकटून बसतं की तेही पुरतं पचू देत नाही. म्हणजे जो माल धांड्याला उभं ठेवतो, तोच बैलाच्या पोटात आडवा येतो.”

वाचकहो, सारा तंटा ह्या एका वाक्यात आला. शेतकऱ्याला धांडा उभा हवा. बैलाला तो मऊ हवा. एकाच भिंतीकडून दोघांची दोन उलट मागणी.

आणि ही मागणी नवी नाही. १९२४ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे मक्याच्या शेतात काही झाडे अशी निघाली की त्यांच्या पानांची मधली शीर तपकिरी होती. पुढे कळले की त्यांत लिग्निन कमी आहे. ज्वारीत असे वाण मुद्दाम रसायनांचा प्रयोग करून काढले गेले. त्याचा वृत्तान्त १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी दोघांतले बिघडलेले जनुक पुढे नेमके सापडले, एक २००३ साली, दुसरे २००९ साली. दोन्ही लिग्निन शिजविणारी, खालच्या पंक्तीतली कामकरी. तपकिरी शिरेची वैरण गाईंना चांगली पचते आणि तिकडच्या दूधवाल्यांनी ती उचलली. पण त्यांतली काही वाणे लवकर लोळतात, काहींचे उत्पन्न घटते. उलट बाजूने भातातही एक धडा मिळाला. भाताची काही रोपे काडी हातात घेताच काचेसारखी मोडतात. त्यांतल्या एका वाणातले दोषी जनुक चीनमधल्या संशोधकांनी २००३ साली शोधले. त्याच्यावाचून दुसऱ्या भिंतीत सेल्युलोज पुरेसे बसत नाही. म्हणजे नुसते लिग्निन भरपूर असून भागत नाही. तंतू नसले तर कडकपणा म्हणजे ठिसूळपणा!

‘मोडेन पण वाकणार नाही’ ह्या बाण्यात काय कमी पडते ते मला त्या क्षणी समजले. तंतू कमी पडतात.

मी जरा उत्साहाच्या भरात म्हणालो, “म्हणूनच तुकोबांनी लव्हाळ्याचा नम्रपणा वाखाणला. गवताची जातच शहाणी!”

“काका, लव्हाळा गवतात मोडत नाही. त्याचं कूळ वेगळं आहे,” पुतणी म्हणाली.

एकोणीस वर्षे मी हे वर्गात चुकीचे सांगत आलो होतो. असो.

दादांना मात्र तुकोबा नको होते, कडबा हवा होता. ते म्हणाले, “बैलाले गोड लागते, पचते, हे खरं मानू. पण त्याचे पैसे कोण देते?”

त्यावर पुतणीने हैदराबादची गोष्ट काढली. हैदराबादच्या कडबा-बाजाराची एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. ज्या कडब्यातले शंभरांपैकी ४७ भाग पचत होते आणि ज्यातले ५२ भाग पचत होते, त्यांच्या भावात चौथाईचा, म्हणजे २५ टक्क्यांचा फरक होता. तपासणीचे यंत्र कोणाजवळ नव्हते; घेणारे गवळी आणि विकणारे व्यापारी नजरेने आणि चवीने पारखीत होते.

दादांनी मान हलविली. “ते मलेही समजते. धांडा दातात धरला की समजते. त्याले कायची यंत्रं!” बापलेकींचे महिनाभरातले हे पहिले एकमत होते.

मग दादा थोडा वेळ गप्प राहिले. उठून गोठ्याकडे गेले. आम्हीही मागे गेलो. एका गव्हाणीत लोळलेल्या ज्वारीतला वाचलेला कडबा टाकला होता, दुसरीत शेजाऱ्याकडून आणलेला गावरान. गावरानाच्या गव्हाणीत धांड्यांची बुडखे तशीच चघळून टाकलेली पडली होती. दुसरी गव्हाण बैलाने जिभेने पुसून काढली होती.

दादा त्या रिकाम्या गव्हाणीत हात फिरवीत उभे राहिले. म्हणाले, “हे रोज पाहून रायलो मी. बोललो नाही.”

आणि मग लेकीकडे न पाहता म्हणाले, “तू दोन पायल्या बी पेरा म्हटलं होतं. मी तीन पेरलं. दाट पेरली की धांडा बारीक निघते, वैरण मऊ होते, हे माह्या बापाचं गणित. अन् मधात पाऊस उघडला तवा युरियाचं एक पोतं जास्त टाकलं. हिरवीगार दिसे ना, म्हणून.”

पुतणी आश्चर्याने बघतच राहिली. “हे मला आधी का नाही सांगितलं?”

“तू इचारलं नाही.”

आता सारे उलगडले. दाट पेरलेली झाडे उजेडासाठी एकमेकांशी चढाओढ करतात, उंच जातात आणि सडपातळ राहतात. नत्र जास्त झाले की वाढीचा जोर थांबत नाही. आणि भिंत घालायची ती तर वाढ थांबल्यावर! आधीच रसाळ जात, त्यात दाट पेरा, त्यात वरून युरिया. भाद्रपदातल्या त्या रात्री त्या ज्वारीच्या कित्येक पेशी अजून मुहूर्ताचीच वाट पाहत असतील. चूक एकट्या बियाण्याची नव्हती, एकट्या बापाची नव्हती आणि एकट्या पुस्तकाचीही नव्हती.

पुतणी खाली मान घालून म्हणाली, “माझंही चुकलं. रसाळ जात वाऱ्याच्या तोंडच्या वावरात द्यायला नको होती. पूर्वेचं वावर आडोशाचं आहे.”

मला आतापर्यंत वाटत होते की प्रश्न कडक की मऊ असा आहे. घराघरांत आपण तोच वाद घालतो. मुलांना धाकात ठेवावे की मोकळे सोडावे? आजोबा एका बाजूला, सूनबाई दुसऱ्या बाजूला. पण धांडा असा प्रश्न विचारीतच नाही. तो विचारतो, कुठे आणि कधी? साल कडक, भेंड मऊ. वाढताना लवचिक, वाढ सरल्यावर पक्का. बांबू तेच करतो. एका हंगामात पुरा उंच होतो आणि मग कित्येक वर्षे आतल्या आत भिंती पक्क्या करीत बसतो. म्हणून जाणते लोक तीनेक वर्षांचा बांबू तोडतात. संशोधकही आता त्याच वाटेने जात आहेत. साऱ्या झाडातले लिग्निन सरसकट कमी करावयाचे नाही. जिथे ते भार वाहत नाही तिथलेच कमी करावयाचे. त्यासाठी खालच्या कामकऱ्यांना दटावण्यापेक्षा वरच्या मानकऱ्यांचे हुकूम कुठल्या पेशीत सुटतात हे आधी समजले पाहिजे. ह्याचीच शिकवण पुतणीला पुढे घ्यायची आहे.

रात्री जेवायला बसलो. ताटात ज्वारीची भाकरी आणि पिठले, वर फराळाची ताटली. पुतणीने मोजून दाखविले. भाकरी ज्वारीची, चिवड्याचे पोहे भाताचे, अनारशाचे तांदूळ, लाडवाचा रवा गव्हाचा, साखर उसाची आणि ओसरीवरचा कंदील बांबूचा. सारी एकाच कुळातली, सारी गवते! ज्याला आपण ‘तृणवत्’ म्हणून कस्पटासमान लेखतो, त्याच्यावाचून आपली दिवाळी एक दिवसही उभी राहत नाही.

दादांनी पाणी पिताना सहज म्हणावे तसे म्हटले, “पुढल्या साली पूर्वेच्या वावरात एक एकर तुही ज्वारी, अन् पश्चिमेच्या एक एकरात माही गावरान. बी तू मोजून देशीन. युरिया मी घालणार नाही.”

“आणि बैल?” मी विचारले.

“बैल कोण इकते?” दादा माझ्यावरच ओरडले.

शिक्षणाचे काय, हे कोणी विचारले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दादा लेकीला सांगत होते की, दिवाळीनंतर अकोल्याला जाशील तेव्हा फीची तारीख विचारून ये. दोन्ही गोष्टी लोळता लोळता सावरल्या होत्या. पुतणीने मला नंतर हेही सांगितले की, कोवळी ज्वारी लोळली तरी गाठीपाशी वाकून पुन्हा डोके वर काढते, कारण गाठीलगतचा भाग बराच काळ वाढता आणि लवचिक राहतो. पुरी पक्की झाल्यावर मात्र ते जमत नाही. दादा साठीला आले आहेत, तरी त्यांच्या गाठी अजून कोवळ्या आहेत म्हणायच्या.

निघताना मी तिला माझ्या मोडक्या कामटीची हकीकत सांगितली. तिने विचारले, “काका, मोडली ती गाठीवर मोडली का?”

घरी येऊन पाहिले. कामटी बरोबर गाठीवर मोडली होती. कांड्यात तंतू सरळ ओळीने जातात आणि गाठीत ते वळणे घेतात, म्हणून कामटी वाकविताना गाठ मध्ये येऊ देऊ नये, हे ज्ञान मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पुतणीकडून मिळाले. चिरंजीवांना मी ते उत्तर दिले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, “मग तो मराठी बाणा?”

मी म्हणालो, “तो रद्द. आता चाकू दे आणि गाठ चुकवून कामटी धर.”

कंदील झाला. जरा वाकडा झाला आहे. पण आमच्या दारावर टांगलेला आहे, आणि काल रात्रीच्या वाऱ्यातही तो मोडला नाही.